बैठकीत गप्प, पार्किंगमध्ये सहानुभूती: सहकाऱ्याची बाजू नेमकी कशी घ्यावी?

दुसरी पाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात १९ वर्षे काम करत आहे आणि सध्या मशीनशॉपच्या एका पाळीची जबाबदारी माझ्याकडे आहे. हा धागा काढण्याचे कारण माझ्याच हातून झालेली एक चूक आहे, आणि ती घडली तेव्हा मला तो चांगुलपणा वाटला होता.

मागील वर्षी आमच्याकडे सुरगाणा तालुक्यातील एक तरुण अभियंता रुजू झाला. कोकणा या आदिवासी समाजातील, घरातील पहिला पदवीधर, बोलायला मोजका आणि हाताला अत्यंत नेमका. एका किचकट भागासाठी त्याने नवे फिक्स्चर (यंत्रावर जॉब घट्ट धरून ठेवणारी चौकट) तयार केले आणि जो जॉब आम्हांला दोनदा बांधावा लागत होता, तो एकदा बांधून पूर्ण होऊ लागला. काही आठवड्यांनी ग्राहक कंपनीची माणसे पाहणीसाठी आली, तेव्हा मी मोठ्या कौतुकाने त्याची ओळख करून दिली: "हा आमचा सुरगाण्याचा. आदिवासी भागातून आला आहे, पण कामात कोणाला ऐकत नाही." पाहुण्यांनी लगेच त्याला गावाविषयी, तारपा या वाद्याविषयी आणि वारली चित्रांविषयी दहा मिनिटे प्रश्न विचारले. फिक्स्चरविषयी एकही प्रश्न आला नाही, कारण मी ते सांगितलेच नव्हते. नंतरच्या सादरीकरणात ते फिक्स्चर "आमच्या टीमने केले" एवढ्यावर आटोपले. पंधरा दिवसांनी चहाच्या सुट्टीत तो सहज म्हणाला, "सर, त्या दिवशी गावाऐवजी फिक्स्चर सांगितले असते, तर बरे झाले असते." माझ्या वाक्यातला "पण" मला ऐकूच आला नव्हता, त्याला तो बोलता क्षणी ऐकू आला होता.

दुसरा प्रसंग त्याहून जुना आहे आणि तो सांगताना मला अधिक संकोच वाटतो. उत्पादन बैठकीत एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने, नाकारल्या गेलेल्या मालाचा विषय चालू असताना, "हल्ली कोट्यातून पास झालेल्यांच्या हातात मोजमाप दिले की असेच होणार" असे वाक्य हसत हसत टाकले. गुणवत्ता विभागातील ज्या सहकाऱ्याकडे रोख होता, ते समोरच बसले होते. दोघे-तिघे हसले, उरलेल्यांनी कागदात डोके घातले, आणि मीही त्या उरलेल्यांत होतो. बैठक संपल्यावर मी पार्किंगमध्ये त्यांना गाठून म्हणालो, "मनावर घेऊ नका, त्यांचा स्वभावच तसा आहे." त्यांनी मान डोलावली, हेल्मेट घातले आणि गाडी सुरू केली. मी मात्र आपण एक चांगले काम केले या समाधानात घरी गेलो. आज विचार करतो तेव्हा वाटते की पार्किंगमधली ती सहानुभूती त्यांच्या उपयोगाची नव्हती. ती माझी मला झोप यावी म्हणून होती.

मध्यंतरी कार्यालयाने या विषयावर एक प्रशिक्षण ठेवले होते. त्यात "अलाय" (दुसऱ्याची बाजू घेऊन उभा राहणारा) हा इंग्रजी शब्द वारंवार आला आणि त्याला मराठीत काय म्हणावे, यावर मी बराच विचार केला. साथीदार म्हणावे, तर वर्तमानपत्रात साथीदार नेहमी चोराचाच असतो आणि तो फरार असतो. कैवारी म्हटले की व्यासपीठ आणि हार डोळ्यांसमोर येतात. पाठीराखा मागे उभा राहतो, आणि नेमके तेच तर मी करत होतो. शेवटी मला "सोबत करणे" हा आपला साधा शब्दप्रयोग पटला. रात्री मळ्यातल्या घरी जाणाऱ्या माणसाला आपण सोबत करतो, तेव्हा वाट त्याची असते आणि पावलाचा वेगही त्याचाच असतो. आपण फक्त बरोबर असतो आणि कुत्रे अंगावर आले तर ते आपल्याही अंगावर येते.

त्या प्रशिक्षणानंतर मी आमच्या विभागातील काही नोंदी काढून पाहिल्या. बाहेरच्या प्रशिक्षणाला कोणाला पाठवले, नव्या यंत्रावर पहिल्यांदा कोणाला बसवले, बैठकीचे टिपण कोणाकडे सोपवले, दिवाळीच्या आठवड्यात रात्रपाळी कोणाला लावली, एवढेच प्रश्न होते. उत्तरे मीच सही केलेल्या कागदांवर होती. पुण्याच्या प्रशिक्षणाला गेलेल्यांत एकही महिला नव्हती आणि टिपण मात्र दर वेळी विभागातील एकमेव महिला अभियंत्याने लिहिले होते, कारण "त्यांचे अक्षर चांगले आहे." गेली पाच वर्षे आम्ही ते टिपण संगणकावर लिहितो.

माझा प्रश्न असा आहे. अपमान घडतो त्या क्षणी बोलावे, हे मला पटले आहे. परंतु ज्याचा अपमान झाला, त्याला न विचारता त्याची बाजू घ्यावी का? त्याला तो विषय तिथे नको असेल तर? आणि विचारत बसलो, तर क्षण निघून जातो. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

रविवार कारंजा

आपला प्रामाणिकपणा आवडला, परंतु एकंदर रोखाशी मी सहमत नाही. मी सातपूरला २२ वर्षे नोकरी करतो. आमच्याकडे कोणी कोणाला जात विचारत नाही, सर्व जण एकाच कॅन्टीनमध्ये जेवतात आणि खंडेनवमीला यंत्रपूजेच्या वेळी सर्व जण एकत्र उभे असतात. ज्या गोष्टी विस्मृतीत जात आहेत, त्या उकरून काढल्याने माणसे अधिक जवळ येतील की अवघडून जातील, याचा विचार व्हावा. उद्या मी कोणाची ओळख करून देताना तोंड उघडण्यापूर्वी दहा वेळा विचार करू लागलो, तर त्यात मोकळेपणा कुठे उरला?

नांदूरमध्यमेश्वर

रविवार कारंजा यांना प्रथम उत्तर देतो आणि मग धागाकर्त्यांच्या प्रश्नाकडे वळतो.

जात कोणी विचारत नाही, हे अक्षरशः खरे आहे. मला १४ वर्षांत ती एकदाही थेट विचारली गेलेली नाही. आधी पूर्ण नाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही, तर मूळ गाव विचारतात. तेवढ्यावरही भागले नाही, तर नाशकात कोणत्या भागात राहता हे विचारतात, आणि तरीही शंका उरली तर भाद्रपदात एक निरागस प्रश्न येतो: "तुमच्याकडे गणपती दीड दिवसांचा की पाच?" मी बौद्ध आहे आणि आमच्याकडे गणपती बसत नाही, असे सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा क्षणभर रिकामा होतो आणि मग "अरे वा, छान" असे उद्गार येतात. त्यात छान काय असते, हे मला आजतागायत कळलेले नाही. हे प्रश्न सर्वांनाच विचारले जातात, असे आपण म्हणाल. विचारले जात असतील. पण उत्तर दिल्यानंतर डब्यातली भाजी पुढे सरकते की नाही, हे मोजण्याची सवय सर्वांना लागलेली नसते.

खंडेनवमीचा उल्लेख आपणच केलात म्हणून सांगतो. आमच्या जुन्या कारखान्यातही सर्व जण एकत्र उभे असत. आदल्या दिवशी यंत्रे पुसणे, ग्रीस काढणे, फरशी धुणे यासाठी ठरावीक चार माणसे असत आणि दुसऱ्या दिवशी कुंकू लावून नारळ फोडण्याचा मान ठरावीक दोघांचा असे. त्या दोन याद्यांत एकही नाव समान नव्हते. यादी कोणी लिहिली नव्हती, त्यामुळे ती बदलायची कोणाकडे, हेही कोणाला माहीत नव्हते.

आता मूळ प्रश्न. आपण अशा बैठकीत माझ्या वतीने बोलावे, अशी माझी मुळीच इच्छा नाही. "ते फार हुशार आहेत, त्यांना गुण चांगले होते" असे आपण म्हणालात की माझी गुणपत्रिका टेबलावर येते आणि चर्चा माझ्यावर सुरू होते. मला ते वाक्य टाकणाऱ्यापेक्षाही अधिक असह्य होते. आपण स्वतःच्या वतीने बोलावे. "नाकारलेल्या मालाचे कारण गेजचे (मोजमापाच्या साधनाचे) कॅलिब्रेशन आहे की माणूस, हे आधी पाहू, आणि कोट्याचा उल्लेख मला या बैठकीत नको आहे", एवढे वाक्य पुरेसे आहे. यासाठी माझी परवानगी लागत नाही, कारण यात मी कुठेच नाही. आपल्या उपस्थितीत काय बोललेले चालते आणि काय चालत नाही, एवढेच आपण सांगता. माझे नाव घ्यायचे असेल, तक्रार नोंदवायची असेल, वर कळवायचे असेल, तर मात्र आधी मला विचारावे. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि बहुतेक गोंधळ त्या एकत्र केल्यामुळे होतो.

निवृत्त फोरमन

वरील प्रतिसाद वाचून बरेच काही आठवले. मी १९८३ साली सातपूरच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो आणि फोरमन होऊन निवृत्त झालो. आमच्या विभागात सफाईचे काम करणारे एक गृहस्थ होते. त्यांचा कप खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा ठेवलेला असे, दांडी तुटलेला. कोणी तसा नियम केला नव्हता. मी तो कप अंदाजे नऊ वर्षे रोज पाहिला आणि मला त्यात काही वावगे दिसले नाही, कारण मी लागलो तेव्हाही तो तिथेच होता. एके दिवशी बदलून आलेल्या एका साहेबांनी, स्वतःचा कप सापडेना म्हणून, तो कप उचलला, धुतला आणि त्यातून चहा घेतला. सारा विभाग पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी तो कप सर्वांच्या कपांत मिसळलेला होता. साहेबांनी ते जाणून केले की त्यांना खरोखरच कप सापडत नव्हता, हे मी पुढे कधी विचारले नाही. कदाचित विचारले असते, तर मला माझ्या नऊ वर्षांचाही हिशेब द्यावा लागला असता.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांची गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढण्यास साहाय्य केले आणि त्या हॉटेलचा चहा ते स्वतः लोकांसमोर घेत. बरोबर असलेल्या मंडळींनाही तो घ्यावा लागे. १९०२ साली संस्थानातील नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा आदेश याच राजाने काढला होता, तरीही चहा प्यायला त्यांना स्वतः जावेच लागले, हे मला महत्त्वाचे वाटते.

रविवार कारंजा

फोरमन साहेब, ते महाराज होते. आम्ही सेक्शन इनचार्ज.

निवृत्त फोरमन

आठ माणसांची रजा मंजूर करणारा माणूस त्या आठ जणांपुरता महाराजच असतो. मी होतो, म्हणून सांगतो.

जुने दप्तर

विषय नाशिकचा आहे, म्हणून थोडी भर. काळाराम मंदिराचा प्रवेश सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि सुमारे पाच वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो येथे नेटाने चालवणारे दादासाहेब गायकवाड आपल्याच दिंडोरी तालुक्यातले. या इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या शहरात, "ज्या गोष्टी विस्मृतीत जात आहेत" हे वाक्य मला जरा घाईचे वाटते.

परंतु मला अधिक उपयोगी वाटतो तो महाडचा दाखला. सीताराम केशव (एस. के.) बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने त्यानुसार १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळ्याला मात्र ठराव वाचता येत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी लोक चालत गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा कुठे त्या कागदाला अर्थ आला. आणि विरोध वाढताच त्याच वर्षी नगरपालिकेने स्वतःचा ठराव मागे घेतला. त्यावरचा न्यायालयीन निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

आज प्रत्येक कंपनीच्या स्वागतकक्षात समान संधीचे धोरण चौकटीत टांगलेले असते. ते धोरण लिहिणारे बोले यांच्यासारखे उपयोगी असू शकतात, हे मी नाकारत नाही. परंतु पहिला विरोध होताच ठराव मागे घेणारी नगरपालिका प्रत्येक कार्यालयात हजर असते, आणि सोबत करणाऱ्याची परीक्षा तिथे होते.

समितीतील एक

मी एका कंपनीच्या अंतर्गत समितीवर पाच वर्षे काम केले आहे. कंपनीचे आणि प्रकरणांचे तपशील देणार नाही, कारण कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार ते गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. आणि सोबत करू इच्छिणाऱ्यांनी पहिली गोष्ट हीच लक्षात ठेवावी की सहकारी महिलेने विश्वासाने सांगितलेली गोष्ट "तिच्या भल्यासाठी" चार जणांना सांगणे हा तिच्यावरचा दुसरा आघात असतो.

जिथे १० किंवा अधिक कर्मचारी आहेत, त्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अशी समिती असलीच पाहिजे. अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला कर्मचारी असते, किमान निम्मे सदस्य महिला असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील, तर जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे जाता येते; अंबड-सातपूरच्या छोट्या गाळ्यांत काम करणाऱ्या भगिनींना हे अनेकदा कोणी सांगितलेलेच नसते. कंत्राटदाराकडून आलेल्या महिलाही या कायद्याच्या संरक्षणात येतात. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. पुरेसे कारण असेल, तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते.

हे सर्व कायद्यात आहे. कायद्यात नाही ते साक्षीदाराचे धैर्य. माझ्या अनुभवात तक्रार लिहिण्याच्या दिवशी त्या महिलेभोवती चार-पाच जण असतात. "ताई, आम्ही सर्व पाहिले आहे, घाबरू नका" असे म्हणतात. जबाब नोंदवण्याचा दिवस येतो, तेव्हा एक जण त्या वेळी फोनवर असतो, दुसऱ्याचे लक्ष यंत्राकडे असते, तिसऱ्याला नेमके शब्द आठवत नाहीत. मी त्यांना दोष देण्यापूर्वी थांबते, कारण त्यांच्या घराचे हप्ते असतात आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचे, त्याच्याच हातात त्यांचे मूल्यमापन असते. परंतु मग आधी धीर देऊ नये. ज्या आधारावर ती पाऊल उचलते, तो आधार ऐनवेळी काढून घेण्यापेक्षा सुरुवातीलाच "मी घटना घडल्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवतो, त्यापलीकडे मला झेपणार नाही" असे सांगितलेले बरे. त्या एका तारखेने प्रकरणे उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

धागाकर्त्यांनी शब्दांचा विचार केला आहे, म्हणून एक आठवण करून देते. ज्या प्रकरणातून या कायद्याआधीची, सर्वोच्च न्यायालयाची १९९७ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यातील भंवरी देवी राजस्थानच्या महिला विकास कार्यक्रमात काम करत होत्या आणि त्यांच्या पदाचे नाव "साथिन" होते. बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला म्हणून १९९२ साली त्यांच्यावर अत्याचार झाला. इतरांना साथ देणे हेच त्यांचे काम होते.

अवांतर: आपल्या नाशिकची रविवारची मिसळ. अंतर्गत बढत्यांचे, नव्या प्रकल्पात कोणाला घ्यायचे याचे निम्मे निर्णय मळ्यातल्या मिसळीच्या टेबलावर होतात आणि सोमवारच्या बैठकीत त्यांच्यावर फक्त शिक्का बसतो. त्या टेबलावर महिला सहकारी नसतात, कंत्राटी कामगार नसतात, आणि "त्यांना आवडणार नाही म्हणून बोलावले नाही" हे उत्तर ठरलेले असते. मला तिखट रस्सा फार आवडतो. मला कोणी विचारले नाही.

काजवा

मला ऐकू येत नाही. जन्मापासून नव्हे, आठव्या वर्षी तापानंतर. मी ओठ वाचू शकतो, मराठी उत्तम लिहितो, आणि डिझाइन विभागात काम करतो. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य करतो. १९९५च्या कायद्यात ती सात होती. नव्या कायद्यानुसार खासगी आस्थापनांनीही समान संधी धोरण जाहीर करायचे आहे. आमच्याकडे ते जाहीर झालेले आहे. एका चित्रफितीद्वारे. चित्रफितीत बोलणाऱ्या साहेबांच्या मिशा भरघोस आहेत आणि खाली अक्षरे नाहीत.

माझे मागणे फार छोटे आहे. कामाच्या गटावर व्हॉइस मेसेज पाठवू नका, लिहा. फार तर दोन ओळी. बैठकीत बोलताना फळ्याकडे तोंड करून बोलू नका. दोन माणसे एकदम बोलू लागली की माझी बैठक तिथेच संपते. विनोदावर सर्व हसले आणि मी "काय झाले?" असे विचारले, तर "काही नाही, सोड" असे म्हणू नका, तो विनोद वाईट असला, तरी मला सांगा, वाईट आहे हे मीच ठरवेन.

एक सहकारी आहे, तो माझ्याशी बोलताना प्रत्येक शब्द ताणून, मोठ्याने, लहान मुलाशी बोलावे तसे बोलतो. तो मनाने चांगला आहे. दुसरा बैठकीत माझ्या शेजारी बसतो आणि विषय बदलला की वहीच्या कोपऱ्यात फक्त नवा विषय लिहितो: "आता पंप", "आता रजा". मला दुसऱ्याचा उपयोग होतो.

हतगडचा घाट

मी स्वतः त्याच पट्ट्यातला आहे, त्यामुळे धागाकर्त्यांच्या त्या तरुण सहकाऱ्याच्या मनात काय आले असेल, हे थोडे सांगू शकतो. तारप्याविषयी विचारले, याचा राग येत नाही. आमच्याकडचा तारपा, मुखवट्यांचा बोहाडा, डोंगऱ्या देव, यांच्याविषयी मला तासभर बोलता येईल. परंतु जिथे कामाची किंमत ठरते, तिथे केवळ तेच विचारले जाते, तेव्हा माणूस प्रदर्शनात ठेवल्यासारखा होतो. शिवाय मी कोकणा आहे आणि वारली चित्रे काढत नाही. हे सांगितले की विचारणाऱ्याची निराशा होते आणि त्याची समजूत मलाच काढावी लागते.

मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचे व्रत असते. घरची माणसे अनेक दिवस नेम पाळतात आणि शेवटी डोंगरावर जातात. यासाठी रजा मागितली, तेव्हा माझ्या आधीच्या वरिष्ठांनी "हे कॅलेंडरमध्ये नाही" असे म्हटले होते. सध्याच्या वरिष्ठ बाईंनी वेगळेच केले. त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच सर्वांना एक कोरा कागद दिला आणि ज्याला जे दिवस महत्त्वाचे वाटतात, ते कारण न लिहिता लिहून द्यायला सांगितले. मला माझा देव समजावून सांगावा लागला नाही. त्या कागदामुळे ईदची रजाही कोणाला अजिजीने मागावी लागली नाही, हे मी शेजारच्या टेबलावर पाहिले.

आणि श्रेयाविषयी एक व्यावहारिक सूचना. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात नावांचा चौकोन असतो: कोणी काढले, कोणी तपासले, कोणी मंजूर केले. तो चौकोन ठेकेदाराकडच्या मुलांच्या बाबतीत बहुधा रिकामा राहतो किंवा त्यात साहेबांची अक्षरे पडतात. त्या चौकोनात खरे नाव घालायला एक पैसा लागत नाही आणि दहा वर्षांनी ड्रॉइंग काढले, तरी ते नाव तिथेच असते. टाळ्यांपेक्षा मला तो चौकोन प्रिय आहे.

दुसरी पाळी (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्रपाळी संपवून आल्यावर संपूर्ण धागा सलग वाचला.

नांदूरमध्यमेश्वर यांनी केलेला भेद मला फार उपयोगी वाटला. योगायोगाने परवाच त्याची वेळ आली. त्याच ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी एका महिला सहकाऱ्याच्या प्रस्तावावर "घरच्या बजेटसारखे काढले आहे" असा शेरा मारला. मी म्हणालो, "प्रस्तावातील कोणता आकडा चुकला आहे, ते सांगा, म्हणजे दुरुस्त करता येईल." आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. आकडा कोणताच चुकला नव्हता आणि चर्चा पुढे सरकली. त्या सहकाऱ्यांनी नंतर माझे आभार मानले नाहीत, याचे मला आधी थोडे वाईट वाटले आणि मग, वाईट का वाटले, याचे अधिक वाईट वाटले.

किंमतीचा विषय निघाला आहे, म्हणून तेही सांगतो. "तुम्ही हल्ली फार हळवे झालात" असे मला ऐकवण्यात आले आणि गेल्या दोन रविवारी मिसळीचा फोन आला नाही. ही किंमत फार नाही, याची जाणीव आहे. माझी नोकरी, घर आणि आडनाव तिघेही सुरक्षित आहेत. ज्यांना हे बोलण्याची खरी किंमत मोजावी लागते, त्यांच्याऐवजी मी बोललेले स्वस्त पडते, एवढाच हिशेब आहे.

फिक्स्चरच्या ड्रॉइंगवर त्या तरुणाचे नाव घातले आहे. ग्राहक कंपनीला सुधारित ड्रॉइंग पाठवताना पत्रातही लिहिले. पुण्याच्या पुढील प्रशिक्षणासाठी दोन नावे वर पाठवली, त्यांपैकी एक परत आले आहे आणि त्याचे कारण दिलेले नाही. ते मी लेखी मागितले आहे. टिपण लिहिण्याचे काम आता आडनावांच्या अकारविल्हे पाळीने फिरते. गेल्या आठवड्याचे टिपण मी लिहिले आणि ते अत्यंत वाईट झाले.

काजवा, आमच्या गटावर आपल्या चार सूचना जशाच्या तशा टाकल्या आहेत, आपले नाव न घेता. चालेल ना? खरे तर हे टाकण्यापूर्वी विचारायला हवे होते.

काजवा

चालेल. पुढच्या वेळी आधी.

रविवार कारंजा

माझे मत पूर्ण बदलले आहे, असे म्हणणार नाही. मोकळेपणा हरवण्याची भीती मला अजूनही वाटते. परंतु नांदूरमध्यमेश्वर यांच्या दोन याद्यांचा मुद्दा डोक्यातून जाईना, म्हणून काल फोनमधील खंडेनवमीचे जुने फोटो काढून पाहिले. पाच वर्षांचे सापडले. पाचही फोटोंत नारळ माझ्याच हातात आहे. फरशी धुतानाचा फोटो एकही नाही, त्यामुळे ती कोणी धुतली, हे मला फोटोवरून सांगता येत नाही आणि आठवूनही सांगता येत नाही. यंदा यंत्र चालवणाऱ्यांपैकीच कोणाच्या तरी हाती नारळ द्यावा, असे मनात आहे.

नांदूरमध्यमेश्वर

अवश्य, पण नारळ हातात देण्यापूर्वी विचारा. मला विचारलेत, तर मी नको म्हणेन, कारण मी पूजा करत नाही. आणि माझ्या नकाराचा अर्थ काय, यावर पुढे आठवडाभर चर्चा होऊ नये, एवढे पाहा. फरशी धुवायला मात्र आपण दोघेही येऊ शकतो. पेढे मी घेतो.